बळीरामच्या नावानं एक मिनिट

वेणू ठोंबरे सुक्या बोंबलांची पाटी घेऊन लेकीच्या स्कूटीवरून पनवेलच्या बाजाराकडे निघाली, तेव्हा नाक्यावर तिला तिचा नवरा दोन ठिकाणी टांगलेला दिसला.

एका फ्लेक्सवर तो पिवळ्या जर्सीत होता. समोरच्या खांबावर, त्याहून वीतभर मोठ्या फ्लेक्सवर, निळ्या जर्सीत. चेहरा दोन्हीकडे तोच, रिक्षाच्या बॅजसाठी काढलेल्या फोटोतला. डोळे वटारलेले, कारण फोटोवाल्यानं "हलू नका" म्हटल्यावर बळीरामनं श्वास घेणंही थांबवलं होतं. पण मानेखालचं धड काही त्याचं नव्हतं. बळीराम म्हणजे सुटलेलं पोट आणि पडलेले खांदे. फ्लेक्सवरचा बळीराम मात्र पैलवान होता, आणि निळ्या जर्सीतल्या बळीरामच्या हातावर तर कोपरापासून मनगटापर्यंत सिंह गोंदलेला होता.

वेणूनं लेकीला स्कूटी थांबवायला लावली.

"अंकिता, ह्यो हात कोणाचा हाय?"

"कुठल्यातरी परदेशी प्लेअरचा असेल, आई. नेटवरून घेतात."

"आन् तुझ्या बाबांना लावला?"

"डोकं तेवढं बाबांचं आहे."

"जे कधी वापरलंच नाय तेवढंच ठेवलं मेल्यांनी," वेणू म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून हसली. मग तिचं तिलाच कळेना की आपण हसतोय की रडतोय, म्हणून ती म्हणाली, "चल, बाजाराला उशीर होतोय."

बळीरामला जाऊन आता सात वर्षं होत होती. बोरपाड्याच्या मैदानावर तालुक्याच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल होती, एका बाजूला गावचं पिवळ्या जर्सीचं नवतरुण मंडळ, दुसऱ्या बाजूला पनवेलच्या बंदर मोहल्ल्याचा निळ्या जर्सीचा यंग स्टार क्लब. गर्दी इतकी झाली की बांबूची गॅलरी मधोमध मोडली. दोन्हीकडच्या लोकांचे हात मोडले, पाय मोडले, आणि बळीराम वरच्या पायरीवरून डोक्यावर पडला. दवाखान्यात नेलं, पण संध्याकाळपर्यंत सगळं संपलं.

तेव्हापासून दर जानेवारीत दोन्ही क्लब त्याचा स्मृतिदिन करायचे. वेगवेगळा. कारण बोरपाड्याचं म्हणणं, बळीराम आमच्या गावात जन्मला, तो आमचा. मोहल्ल्याचं म्हणणं, बळीरामची रिक्षा जन्मभर आमच्या स्टँडवर उभी राहायची, चहा आमच्या पोरांबरोबर व्हायचा, तो आमचा. एका वर्षी बोरपाड्यानं रक्तदान ठेवलं, तर मोहल्ल्यानं डोळे तपासणी ठेवली. पुढच्या वर्षी मोहल्ल्यानं वह्या वाटल्या, तर बोरपाड्यानं वह्या आणि पेन. वेणूला दोन्हीकडून शाल आणि नारळ मिळायचा. शालींनी तिचं कपाट भरलं होतं आणि महिनाभर घरात प्रत्येक भाजीत खोबरं असायचं.

मैदानावर मात्र ती त्यानंतर कधी गेली नव्हती. शाल घरी आणून द्या म्हणायची.

त्या दिवशी संध्याकाळी दोन्ही क्लबांचे अध्यक्ष एकदमच तिच्या दारात आले. उंबऱ्यात आधी कोण पाऊल टाकणार यावरून थोडी ढकलाढकली झाली आणि दोघं तिरके होऊन एकत्र आत शिरले.

बोरपाड्याचा जीवन म्हात्रे बळीरामचा भावकीतला. जमीन विमानतळाला गेल्यावर त्यानं इमारती बांधायला घेतल्या होत्या, आणि गळ्यातली साखळी इतकी जाड होती की मान आपोआप नम्रपणे झुकलेली असायची. मोहल्ल्याचा ताहेर मुकादम बरीच वर्षं कुवेतला काढून आलेला. आता टाइल्सचं दुकान. शर्टाची इस्त्री अशी की तो बसला तरी शर्ट उभाच राहायचा.

"वैनी, यंदा तालुक्याच्या स्पर्धेचा ड्रॉ असा लागलाय," जीवन म्हणाला, "का बळीदादाच्या तारखेलाच आमची न् यांची मॅच हाय."

"तर कमिटीनं ठरवलंय, भाभी," ताहेर म्हणाला, "दोन्ही क्लबांनी मिळून याद करायची. मरहूमची इज्जत म्हणून."

"मग बरं हाय की," वेणू म्हणाली.

"बरं कुठं हाय? हे टाळ्या वाजवा म्हणतात! एक मिनिट टाळ्या! माणूस गेलाय का सत्काराला आलाय?"

"भाभी, बाहेरच्या देशांत मोठमोठे क्लब टाळ्याच वाजवतात. खामोशी ठेवली की समोरचे लोक मध्येच काहीतरी ओरडतात, म्हणून. आणि यांचे लोक ओरडणार, गॅरंटी."

"आमचे लोक? गेल्या वर्षी आमची श्रद्धांजली चालू असताना तुमच्या पोरांनी शिट्टी मारली!"

"तो कुकर होता! शेजारच्या घरातला!"

"कुकर कधी तीन शिट्ट्या लागोपाठ मारतो काय?"

"डाळ असेल तर मारतो!"

दोघं वेणूकडे वळले. डाळीच्या बाबतीत तिनं निकाल द्यावा अशी दोघांची अपेक्षा दिसली. अंकितानं चहा ठेवला. वेणू म्हणाली, "सात वरसं सांगत्येय, परत सांगते. ते तुमचेपण नव्हते न् तुमचेपण नव्हते. जो हरत आसंल त्याच्याकडून वरडायचे. गोल झाला का बाजू बदलायची. एकदा तर एकाच मॅचमधी दोन्हीकडचा मार खाऊन घरी आले."

दोघांनी आदरानं माना हलवल्या.

"पण मनानं आमचेच," जीवन म्हणाला.

"दिलानं आमचेच," ताहेर त्याच वेळी म्हणाला.

बऱ्याच वादानंतर असं ठरलं की एक मिनिट शांतताच ठेवायची, त्यानंतर जीवननं पांढरी कबुतरं सोडायची आणि ताहेरनं सगळ्यांना गुलाबाचं सरबत पाजायचं. वेणूनं यायचं, समोर बसायचं.

"मी नाय येणार."

"वैनी, तुमीच नाय तर काय अर्थ?"

"तो सिंहवाला हात खाली काढा, मग बघू," वेणू म्हणाली. "माणसाला मेल्यावर निदान स्वतःचं अंग तरी असू द्या."

ताहेर म्हणाला, यांनी पिवळा काढला तर आम्ही निळा काढू. जीवन म्हणाला, यांनी आधी. वेणूनं ते ऐकून निःश्वास टाकला, कारण याचा अर्थ दोन्ही फ्लेक्स आता कायमचे तिथंच राहणार आणि आपल्याला जावं लागणार नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर दोन्ही खांब रिकामे होते. मोहल्ल्याची पोरं पिवळा फ्लेक्स काढायला आली होती, त्याच वेळी बोरपाड्याची पोरं निळा काढायला, आणि दोघांनी आपापलं काम चोख केलं होतं.

मग वेणूला जाणं भागच होतं.

मैदानावर पोहोचल्यावर ती फाटकातच थांबली.

सात वर्षांत सगळं बदललं होतं. गोलाच्या जाळ्या नव्या होत्या, लाउडस्पीकर माणसाएवढे होते, डोंगराच्या बाजूला मोठ्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. पण डाव्या हाताला, त्याच जागेवर, बांबूची गॅलरी होती. तशीच. उभे बांबू, आडवे बांबू, नायलॉनच्या दोरीच्या गाठी, वर फळ्या. त्यावर माणसं दाटीवाटीनं बसलेली, अर्धी पिवळी, अर्धी निळी. आणि अगदी वरच्या पायरीवर, प्रमुख पाहुण्यांसाठी, एक लाल सोफा.

"आई?" अंकितानं तिचा हात धरला.

"हे परत बांबूच बांधलेत?"

जीवन पुढं आला. "वैनी, दरसाल बांधतो. डेकोरेटर नवा हाय. पहिला वाला बदलला ना आमी."

 वेणूला सोफ्यावर नेऊ लागले तर ती म्हणाली, मी खालीच बरी, आणि कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. तिथून तिला गॅलरीचे पाय दिसत होते. तिची नजर त्या गाठींवरून हलेना.

दोन्ही संघ मधल्या वर्तुळात उभे राहिले. रेफरी दिपिका मॅडम शाळेत पीटी शिकवायच्या, त्यामुळे त्यांनी नुसतं बघितलं तरी खेळाडू उंचीप्रमाणे ओळीत यायचे. त्यांनी घड्याळ बघितलं, शिट्टी वाजवली. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

आता शांतता झाली असती, पण माइक मितेशकडे होता.

मितेश म्हणजे पनवेलच्या सगळ्या स्पर्धांचा कॉमेंटेटर. गप्प बसायचे पैसे त्याला आजवर कोणी दिले नव्हते.

"आणि मित्रांनो, शांतता सुरू झालेली आहे! काय जबरदस्त शांतता! दोन्ही टीम खाली मान घालून, बोरपाड्याचा सात नंबर थोडा हललाय, पण सावरलाय, वा! मोहल्ल्याचा गोलकीपर एकदम स्टॅच्यू—"

दिपिका मॅडमनी शिट्टी फुंकली. "मितेश सर, माइक बंद."

"ओके मॅडम. मित्रांनो, रेफरींच्या आदेशानुसार मी आता माइक बंद करतोय, बघा, हा मी बटणावर अंगठा ठेवला—"

जीवननं जाऊन वायरच उपटली.

पुन्हा शिट्टी. पुन्हा माना खाली. या वेळी चांगली शांतता झाली, कोंबडं आरवलेलंही ऐकू आलं, आणि तेवढ्यात डोंगरामागून विमान आलं. विमानतळ सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते आणि बोरपाड्यात विमान अजून पाहुण्यासारखं बघितलं जायचं. गॅलरीतल्या सगळ्या माना वर झाल्या. "दिल्लीचं हाय!" कोणी ओरडलं. "दिल्लीचं सकाळी असतंय, हे बेंगलोरचं!" दुसरा ओरडला. बोरपाड्याच्या गोलकीपरनं हात हलवून टाटा केला.

"बघितलं?" ताहेर म्हणाला. "मी म्हणालो होतो. यांचे लोक ओरडणार."

"बेंगलोर कोण वरडलं? तुमच्याकडचा होता!"

"शांत बसा!" निळे ओरडले.

"तुमी शांत बसा!" पिवळे ओरडले. थोडा वेळ दोन्ही बाजू एकमेकांना शांत राहण्यासाठी इतक्या जोरात सांगत होत्या, की रस्त्यावरची माणसं मॅच सुरू झाली समजून धावत आली.

दिपिका मॅडमनी घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं. "शेवटचं सांगते. उजेड जाईल. जो बोलेल त्याच्या टीमच्या कॅप्टनला पिवळं कार्ड."

या वेळी सगळे खरंच गप्प झाले. आणि जीवनचा फोन वाजला.

रिंगटोन हळदीच्या गाण्याची होती, ढोलासकट. जीवनची पँट नवी आणि घट्ट, फोन खिशात अडकलेला. तो जितका ओढत होता तितका आवाज वाढत होता. पिवळ्या बाजूचे खांदे आपोआप हलू लागले. बोरपाड्याचा माणूस हळदीच्या ढोलाला दुःखातसुद्धा खांदा देतोच. मग निळ्या बाजूचेही हलू लागले, कारण मोहल्ल्यातली पोरंही गावच्या हळदीत जाऊन जाऊन तयार झाली होती.

मैदानाच्या कडेला आपटा गावाहून आलेला रामू मोठा करंडा घेऊन बसला होता. जीवननं त्याला सांगून ठेवलं होतं, कार्यक्रम झाला की सोड. गाणं वाजायला लागल्यावर कार्यक्रम झाला असं रामूला साहजिकच वाटलं. त्यानं झाकण उघडलं.

करंड्यातून पांढरी बदकं बाहेर आली.

ती एकामागोमाग एक, डुलत डुलत, मैदानाच्या मध्याकडे चालू लागली. दोन्ही संघांनी वाट करून दिली. सगळ्यात पुढचं बदक दिपिका मॅडमच्या बुटापाशी थांबलं आणि तक्रार असल्यासारखं ओरडलं.

"हे काय आहे?" ताहेरनं विचारलं.

जीवनचा फोन आता हातात आला होता. चेहरा लाल झाला होता. "रामू! कबुतरं कुठायत?"

"पांढरी कबुतरं गावली नाय, शेठ. तुमी म्हनला पांढरं पायजे न् पंख पायजे. पांढरी हायत. पंख हायत. नदीवर वाढवलेली हायत, एक नंबर."

"ही उडतात काय?"

"शांतीला उडून कुठं जायचंय, शेठ?"

खेळाडूंनी बदकांना हाकलायला सुरुवात केली. फुटबॉल खेळणाऱ्या माणसाला बदक हाकलणं जमेल असं वाटतं, पण तसं नसतं. मोहल्ल्याच्या स्ट्रायकरनं दोन बदकांना चकवलं आणि तिसऱ्यानं त्यालाच चकवलं. शेवटी बदकं आपल्या मर्जीनं मोहल्ल्याच्या गोलात जाऊन जाळीच्या सावलीत बसली. बोरपाड्याची बाजू ओरडली, "गोल!" मोहल्ल्यानं हरकत घेतली.

वेणू हे सगळं बघत होती. कुणाला हसू येत होतं, कुणाला राग. अंकिता तोंडावर ओढणी धरून हसत होती. वेणूचं मात्र बदकांकडे लक्षच नव्हतं. वर लोक उठत होते, बसत होते, नाचत होते, आणि प्रत्येक वेळी गॅलरीचा मधला बांबू किंचित वाकून परत येत होता.

दिपिका मॅडम आता दोन्ही अध्यक्षांपुढे उभ्या राहिल्या. "ठेवायची आहे का शांतता, का सुरू करू मॅच?"

जीवननं ताहेरकडे पाहिलं. ताहेरनं जीवनकडे. दोघांनाही थोडी लाज वाटली असावी. ताहेर गॅलरीकडे वळून म्हणाला, "भाई लोक, भाभी समोर बसल्यात. त्यांच्याकडे तरी बघा."

सगळ्यांनी वेणूकडे बघितलं. आणि या वेळी कोणाला काही सांगावं लागलं नाही. पिवळे, निळे, पाहुणे, रामू, सरबतवाले, सगळे उभे राहिले आणि गप्प झाले. रस्त्यावर त्या क्षणी एकही हॉर्न वाजला नाही. आकाश रिकामं होतं. बदकंसुद्धा चोची पंखात घालून बसली.

त्या शांततेत सगळ्यांना एक आवाज ऐकू आला.

कर्र.

कोणी हललं नाही.

कर्र... कट्.

वेणू खुर्चीवरून उठली ती थेट गॅलरीच्या खाली. बाजारात माशांच्या लिलावात कमावलेला गळा तिनं पूर्ण उघडला. "उतरा! सगळे खाली उतरा! पळू नका, वरचे थांबा, खालचे पयले! ए पिवळ्या, उडी नाय मारायची! हळू!"

माणसं उतरली. धक्काबुक्की झाली नाही, कारण वेणू एकेकाला हातानं ओढून बाजूला करत होती आणि जो घाई करेल त्याच्या पाठीत धपाटा घालत होती. जीवन एका बाजूचा बांबू खांद्यावर धरून उभा राहिला, ताहेर दुसऱ्या बाजूचा. त्याच्या शर्टाची इस्त्री पहिल्यांदाच मोडली. सगळ्यात शेवटी प्रमुख पाहुणे उतरले. खाली आल्यावर त्यांनी आभाराचं भाषण सुरू केलं, पण कोणी ऐकलं नाही.

गॅलरी रिकामी झाली आणि तशीच उभी राहिली. काहीच होईना. लोक एकमेकांकडे बघू लागले. जीवननं घाम पुसला.

"काय नाय झालं, वैनी. मजबूत हाय, बघा," तो म्हणाला आणि उभ्या बांबूला धीर देण्यासाठी थोपटलं.

मधली फळी सुटली. मग तिच्या खालची. लाल सोफा वरच्या पायरीवरून सावकाश पुढं सरकला, थोडा विचार केल्यासारखा थांबला, आणि चारी पाय वर करून धाडकन जमिनीवर आला. मागोमाग मधला भाग खाली बसला. धूळ उडाली.

जीवन त्या धुळीकडे बघत राहिला. मग तो मटकन खाली बसला आणि तोंड झाकून घेतलं. ताहेर त्याच्याशेजारी बसला. 

अंकितानं माइकची वायर पुन्हा लावली आणि माइक आईच्या हातात दिला. मितेशनं तो स्वतःहून सोडला, हे त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

"मना भाषण येत नाय," वेणू म्हणाली. लाउडस्पीकरमधून स्वतःचा आवाज आल्यावर ती दचकली, मग माइक जरा लांब धरला. "सात वरसं तुमी मना शाली दिल्या. वह्या वाटल्या, डोळे तपासले. गॅलरीचा बांबू तपासायचं कोणाला सुचलं नाय. मना पण नाय सुचलं, कारण मी आलेच नाय इथं. तर ते जाऊ द्या."

सगळे खाली गवतावर बसले होते. पिवळे निळ्यांत मिसळले होते, कारण उतरताना कोण कुठं जातंय हे बघायला कोणाला वेळ नव्हता.

"त्यांना उचलून कोणी नेलं, ठाऊक हाय? ह्या जीवननं डोक्याकडून धरलं होतं न् ह्या ताहेरभायनं पायाकडून. त्यांच्याच रिक्षातून नेलं, मी पण कडेला बसलेली. न् दवाखाना येईपर्यंत दोघं भांडत होते. ह्यो म्हणे ह्या दवाखान्यात न्यायचं, तो म्हणे त्या. ते मधे आडवे पडलेले, शुद्ध येत होती जात होती. एकदा डोळे उघडले न् मना म्हणाले, वेणू, यांना सांग, दोघंपण ऑफसाइड."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"हसा, हसा," वेणू म्हणाली. "त्यांना फुटबॉलमधला तेवढा एकच शब्द ठाऊक होता. बॉल कुठंपण असू दे, ऑफसाइड म्हणून वरडायचे. लग्नात नवरीनं हार उलटा घातला तरी ऑफसाइड. मी भाजीत मीठ जास्त टाकलं तर ऑफसाइड. असल्या माणसासाठी तुमी गप्प बसता? ते कधी गप्प बसले काय?"

ताहेर उभा राहिला. डोळे पुसून त्यानं घसा साफ केला आणि मैदानाकडे तोंड करून, अगदी बेसूर आवाजात ओरडला, "ऑफसाइड!"

"ऑफसाइड!" जीवन बसल्या जागेवरून ओरडला.

मग सगळं मैदान ओरडू लागलं. पोरं, म्हातारे, दोन्हीकडचे गोलकीपर, सरबतवाले. एका बाजूनं आरोळी उठायची, दुसऱ्या बाजूनं तिला उत्तर जायचं. बदकं गोलातून घाबरून बाहेर आली. दिपिका मॅडमना काय करावं कळेना. चेंडू त्यांच्या हातात होता, खेळ सुरू झाला नव्हता आणि हजारभर माणसं ऑफसाइड मागत होती. त्यांनी घड्याळ बघितलं, मिनिट पूर्ण होईपर्यंत वाट पाहिली आणि शिट्टी वाजवली. वेणू माइक धरून रडत होती, आणि रडता रडता ओरडतही होती.

मॅच झाली. सगळ्यांनी गवतावर बसून बघितली. बोरपाडा जिंकला, मोहल्ल्यानं बदकांमुळे गोलकीपरचं लक्ष विचलित झाल्याची लेखी तक्रार दिली. बोरपाड्यानं उत्तर दिलं, बदकं तुमच्या गोलात स्वखुशीनं आली होती. सरबत मात्र दोन्हीकडे पुरलं.

मग फेब्रुवारीत कामाला सुरुवात झाली. मैदानाच्या डोंगराकडच्या बाजूला उतार होता, तिथं सिमेंटच्या पायऱ्या बांधायचं ठरलं. जीवननं वाळू, सिमेंट आणि गवंडी दिले. ताहेर म्हणाला, मी वर टाइल्स लावतो, गुळगुळीत, इटालियन फिनिश. वेणूनं विचारलं, पावसात माणसं घसरून पडतील त्याचं काय, आणि टाइल्स बारगळल्या. नाव काय द्यायचं यावर तीन बैठका झाल्या आणि तिन्ही बैठका वडापाव खाऊन संपल्या. रंग कुठला, पिवळा की निळा, यावर चौथी. शेवटी वेणू म्हणाली, सिमेंटला सिमेंटचाच रंग राहू दे.

पायऱ्या झाल्या, पण सिमेंट पक्कं व्हायचं तर रोज पाणी मारायला हवं. ती जबाबदारी दोन्ही क्लबांनी वाटून घेतली, एक दिवस यांनी, एक दिवस त्यांनी. पण यांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता आणि त्यांचा यांच्यावर. त्यामुळे रोज सकाळी जीवन पाइप घेऊन यायचा, आणि तो गेला की ताहेर दुकान उघडण्याआधी बादली घेऊन यायचा. पायऱ्यांना इतकं पाणी मिळालं की खालच्या बाजूला अळू उगवलं.

एका दुपारी बाजार आटपून वेणू एकटीच मैदानावर आली. रिकामी पाटी तिनं खाली ठेवली, चपला काढल्या आणि एक एक पायरी चढत वर गेली. अगदी वरच्या पायरीवर उभी राहिली. तिथून पनवेलकडचा रस्ता दिसत होता, रिक्षा दिसत होत्या, लांबवर खाडी चमकत होती. वारा चांगला होता. बळीराम वरच का बसायचा ते तिला कळलं.

ती बसली. आणि ताबडतोब उठली, कारण पातळ मागून चिंब झालं होतं.

"जीवन! ताहेरभाय!" ती वरून ओरडली. खाली दोघं पाइपवरून वाद घालत उभे होते, ते दचकून वर बघू लागले. "आता बास करा पाणी! माणसांनी बसायचं कवा?"

"वैनी, आज त्यांची पाळी होती!" जीवन म्हणाला.

"भाभी, अल्लाकसम, मी फक्त दोन बादल्या टाकल्या!"

वेणूनं पातळ पिळलं, पदर खाली अंथरला आणि जरा कोरड्या कोपऱ्यात पुन्हा बसली. खाली त्यांचं भांडण चालू राहिलं. ती पाय लांब करून ऐकत बसली.